निकेलचा मुलामा दिलेल्या कार्बन नॅनोट्यूब: चुंबकत्व कमी आणि रोध जास्त का येतो?

प्रश्न धुळ्याच्या एका एम.एस्सी. विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: सरासरी २५ नॅनोमीटर व्यासाच्या मल्टिवॉल (एकात एक अनेक भिंतींच्या) नळ्या विकत आणल्या. सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात सहा तास तापवल्या, टिन-पॅलेडियमची प्रक्रिया केली आणि ०.२ ग्रॅम नळ्या २०० मिलिलिटर इलेक्ट्रोलेस निकेल बाथमध्ये (विजेशिवाय, रसायनाने निकेल चढवणाऱ्या द्रावणात) अर्धा तास ठेवल्या. बाथमध्ये निकेल सल्फेट २५ ग्रॅम प्रति लिटर, सोडियम हायपोफॉस्फाइटही (निकेलला धातुरूपात आणणारं रसायन) २५, पीएच ४.८, तापमान ८५ अंश. भुकटी चुंबकाला चिकटते. ईडीएसवर (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं मोजण्याच्या पद्धतीत) निकेल वजनाने ३५ टक्के दिसतं. पण व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) संपृक्त चुंबकन, म्हणजे जास्तीत जास्त चुंबकत्व, फक्त ४ इमू (चुंबकत्वाचं एकक) प्रति ग्रॅम आलं, शुद्ध निकेलचं ५५ असताना; आणि दाबून केलेल्या पेलेटचा (भुकटीच्या टिकलीचा) रोध मल्टिमीटरवर १२ ओहमवरून ७० ओहमवर गेला. शोधनिबंध सांगतात की धातूचा थर चढला की नळी धातूसारखी वाहते आणि चुंबकीयही होते. मग इथं उलटं का? ‘निकेलचे आणि कार्बनचे इलेक्ट्रॉन मिसळल्यामुळे चुंबकत्व घटलं’ असं प्रबंधात लिहिलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. तो परिणाम खरा आहे, पण तुमच्या नमुन्यात तो कुठल्या कोपऱ्यात लपला असेल तर व्हीएसएमला दिसायचा नाही. चुंबकत्व आणि वाहकता या दोन्हींचा अर्थ लावण्याआधी नळीवर नेमकं काय बसलंय, किती बसलंय आणि सलग बसलंय का, हे ठरायला हवं. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून घरबसल्या बरंच कळतं, म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करू.

२५ नॅनोमीटर बाहेरचा आणि साधारण ८ नॅनोमीटर आतला व्यास धरला तर पोकळीसकट नळीची घनता सुमारे १.९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर येते, आणि बाहेरचा पृष्ठभाग ग्रॅममागे ८० चौरस मीटरच्या वर. म्हणजे तुमच्या चिमूटभर ०.२ ग्रॅममध्ये १७ चौरस मीटर. एका बऱ्यापैकी खोलीची फरशी तेवढी असते, आणि तुम्हाला ती सगळी निकेलने मढवायची आहे. १० नॅनोमीटरचा सलग थर हवा असेल तर निकेलचं आकारमान नळीच्या २.२ पट लागतं. निकेलची घनता ८.९, त्यामुळे वजनाने नळीच्या दहा पटींहून थोडं जास्त. ०.२ ग्रॅम नळ्यांना २.१ ग्रॅम निकेल. तुमच्या २०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम निकेल सल्फेट हेक्साहायड्रेट होतं. त्यात निकेल २२.३ टक्के, म्हणजे १.१ ग्रॅम. बाथ तळापर्यंत पिळून काढला असता तरी थर पुरा झाला नसता, आणि बाथ तळापर्यंत कधी पिळला जात नाही. हायपोफॉस्फाइटचं गणित त्याहून तंग. एक ग्रॅम निकेल बसवायला साधारण पाच ग्रॅम हायपोफॉस्फाइट खर्च होतं, कारण त्यातला मोठा भाग हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो.

आता उलट दिशेने बघा. ईडीएसचे ३५ टक्के खरे मानले तर ०.२ ग्रॅम नळ्यांवर निकेल बसलं फक्त ०.११ ग्रॅम. ते सगळ्या नळ्यांवर सारखं पसरलं असतं तर थराची जाडी ०.७ नॅनोमीटर भरते, म्हणजे अणूंचे तीन-साडेतीन थर. इलेक्ट्रोलेस पद्धतीत एवढा पातळ थर सलग बसत नाही. निकेल पॅलेडियमच्या बीजकणांवर सुरू होतं आणि तिथेच फुगत जातं, त्यामुळे नळीवर कुठे २० तर कुठे ४० नॅनोमीटरचे मणी आणि मध्ये उघडी नळी असं चित्र मिळतं. ‘३५ टक्के’ ऐकायला भरपूर वाटतं, पण निकेल वजनदार आणि नळी हलकी, त्यामुळे वजनाची टक्केवारी इथं फसवते. शिवाय कार्बन टेपवर भुकटी चिकटवून ईडीएस केलं असेल तर टेपचा कार्बनही मोजणीत येतो आणि निकेल कमी दिसतं. खरा आकडा ४० असेल, ५० असेल, पण सलग थराला लागणारे ९० टक्के नक्कीच नाहीत.

ही टक्केवारी टीजीएवर, म्हणजे तापवत तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रावर, काढा. हवेत तापवलं की कार्बन जळून जातो (निकेल असलं की नुसत्या नळ्यांपेक्षा लवकर जळतो) आणि उरतं निकेल ऑक्साइड. शिल्लक वजनाला ०.७८६ ने गुणलं की निकेल. ५१ टक्के राख उरली तर निकेल ४०. फॉस्फरस असला तर राखेत फॉस्फेटही येतात, म्हणून आकडा थोडा फुगतो, आणि मूळ नळ्यांची राख वेगळी मोजून वजा करायची असते. तरी ईडीएसपेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

आता चुंबकत्व. ४ आणि ५५ ची तुलनाच चुकीच्या पायावर आहे. व्हीएसएम जो आकडा देतं तो सगळ्या भुकटीच्या ग्रॅममागचा, त्यात नळ्यांचं वजनही आलं. ३५ टक्के निकेल असेल तर शुद्ध निकेलसाठी अपेक्षा ५५ ची नाही, १९ ची. म्हणजे हिशेब लावायचा तो १९ आणि ४ मधल्या फरकाचा.

त्या फरकाचं पहिलं नाव फॉस्फरस. हायपोफॉस्फाइटच्या बाथमधून शुद्ध निकेल बसत नाही, निकेल-फॉस्फरसची मिश्रधातू बसते, आणि बाथ जितका आम्लधर्मी तितका फॉस्फरस जास्त. पीएच ४.८ ला तो बहुधा ८ ते ११ टक्क्यांच्या घरात असेल. १० च्या वर गेला की मुलामा अस्फटिक होतो आणि ताजा असताना जवळपास अचुंबकीय असतो. प्लेटिंगवाल्यांना हे नवं नाही. हार्ड डिस्कच्या अ‍ॅल्युमिनियम तबकड्यांवर चुंबकीय थराच्या खाली जास्त फॉस्फरसचं निकेल मुद्दाम याच गुणासाठी देत आले आहेत. तुम्ही चुंबकीय नळी करायला निघालात आणि अचुंबकीय निकेलची कृती वापरलीत, एवढंच.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही, साधं एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारी क्ष-किरणांची मोजणी) पुरतं. तांब्याच्या के-अल्फा किरणांवर २६ अंशांजवळ नळीचं शिखर दिसेल. त्यानंतर ४४.५, ५१.८ आणि ७६.४ अंशांवर तीन स्वच्छ शिखरं दिसली तर निकेल स्फटिकरूप आहे. ४५ अंशांजवळ एकच पसरट टेकाड दिसलं तर फॉस्फरस जास्त आहे, पुढचे सगळे तर्क तिथेच थांबवा.

दुसरं नाव उत्प्रेरक, म्हणजे नळ्या वाढवताना वापरलेला धातू. सीव्हीडीने (वायूतून कार्बन बसवण्याच्या पद्धतीने) केलेल्या बाजारी नळ्यांमध्ये लोह, कोबाल्ट किंवा निकेलचे कण राहतातच, आणि त्यातले काही कार्बनच्या कवचात बंद असल्यामुळे आम्लानेही जात नाहीत. लोहाचं चुंबकन २१८ इमू प्रति ग्रॅम, म्हणजे भुकटीत फक्त एक टक्का धातुरूप लोह असलं तरी २ इमू तिथूनच मिळतात. तुमच्या ४ पैकी निम्मे नळीच्या पोटातल्या लोहाचे असू शकतात. ‘भुकटी चुंबकाला चिकटते’ हा पुरावा म्हणूनच कामाचा नाही. कित्येक कंपन्यांच्या कोऱ्या नळ्याही निओडिमियमच्या चुंबकाकडे सरकतात. विकत आणलेल्या, आम्लातून काढलेल्या, पॅलेडियम लावलेल्या आणि मुलामा दिलेल्या, अशा चारही टप्प्यांचे नमुने व्हीएसएमला द्या. पैसे चौपट जातात हे खरं, पण पहिल्या तीनांशिवाय चौथ्याच्या आकड्याला अर्थ नाही. आणि नमुना स्टीलच्या चमच्याने खरवडू नका. चमच्याचा एखादा कण गेला तरी या पातळीवर फरक पडतो. प्लॅस्टिकचा चमचा वापरा.

तिसरं नाव आकार. २०-३० नॅनोमीटरपेक्षा लहान निकेलचे सुटे कण खोलीच्या तापमानाला सुपरपॅरामॅग्नेटिक वागू लागतात, म्हणजे उष्णतेने त्यांच्या चुंबकत्वाची दिशा सतत पलटते: निग्राही क्षेत्र (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) शून्याजवळ जातं आणि व्हीएसएमचा वक्र दीड टेस्लापर्यंतही पुरता सपाट होत नाही.  तुमचा वक्र वरच्या टोकाला चढत राहतो का ते बघा. सरळ रेषेत चढत असेल तर पॅरामॅग्नेटिक भाग वजा करावा लागेल. वाकत वाकत चढत असेल तर छोटे कण आहेत, आणि त्यासाठी तापमान बदलून झेडएफसी-एफसी मोजणी (एकदा क्षेत्राशिवाय, एकदा क्षेत्रात थंड करून) लागेल. निग्राही क्षेत्र मोजताना भुकटी मेणात किंवा फेविक्विकमध्ये पक्की करा. सुटी राहिली तर लांबट कण क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि लूप वेगळाच निघतो.

पृष्ठभागावरचं निकेल ऑक्साइड हे चौथं. ते प्रतिलोहचुंबकीय आहे, म्हणजे वजनात भर घालतं पण चुंबकनात नाही. १० नॅनोमीटरच्या थरात दोन नॅनोमीटर ऑक्सिडाइज झालं तरी तूट चांगलीच जाणवते. लोहाचा मुलामा असता तर हीच तक्रार पहिल्या क्रमांकावर आली असती.

इथपर्यंतचा हिशेब: १९ वरून ४ वर येण्याचं बहुतेक काम फॉस्फरसने केलंय, थोडं ऑक्साइडने, आणि जे ४ उरलेत त्यातही लोहाचा हात असू शकतो. इलेक्ट्रॉनांच्या मिश्रणाला अजून जागाच शिल्लक नाही.

मग ते मिश्रण कुठे असतं? निकेलच्या डी (d) कक्षा आणि कार्बनच्या पाय (π) कक्षा एकमेकींत मिसळतात, थोडा भार इकडून तिकडे जातो आणि कार्बनला लागून असलेल्या निकेल अणूंचं चुंबकीय आघूर्ण घटतं. निकेलच्या मोठ्या तुकड्यात ते अणूमागे ०.६ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) असतं. पण हा परिणाम पहिल्या एक-दोन अणुथरांपुरता. १० नॅनोमीटर म्हणजे सुमारे पन्नास थर, त्यातले दोन पुरते मेले असं धरलं तरी घट चार टक्के. टीजीएची आणि वजनाची चूक मिळून तेवढी सहज होते. हा परिणाम खरंच दाखवायचा असेल तर एक-दोन अणुथरांचे नमुने निर्वातात बाष्पीभवनाने करावे लागतात आणि मोजणी सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) होते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात ते बसत नाही आणि बसवायची गरजही नाही.

निबंधांत वाचलेलं आणि तुमच्या बीकरमधलं यांत अंतर का पडतं, तेही सांगतो. ती गणितं बहुतेक (८, ०) सारख्या एकभिंती नळीवर केलेली असतात. तिचा व्यास ०.६३ नॅनोमीटर. एकभिंती नळीचे दोन निर्देशांक वजा करून तीनने भाग गेला तर ती धातूसारखी, नाही गेला तर अर्धवाहक. ८ ला तीनने भाग जात नाही, म्हणून ती अर्धवाहक. तिच्याभोवती टायटॅनियमचे अणू बसवले की ऊर्जेची फट (बँड गॅप) मिटते, ती धातूसारखी वाहते आणि तिच्यात चुंबकत्वही दिसतं. हे सगळं बरोबर. पण फट व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते: साधारण ०.८ ते ०.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट भागिले नॅनोमीटरमधला व्यास. तुमच्या २५ नॅनोमीटरच्या बाहेरच्या भिंतीला ती फार तर ०.०३६ येते. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा ०.०२६. म्हणजे तुमची नळी मुलाम्याआधीच धातूसारखी वाहत होती. ‘निकेलमुळे अर्धवाहक नळी धातू झाली’ हे विधान तुमच्या नळ्यांना लागूच पडत नाही.

शिवाय सगळे धातू नळीला सारखे चिकटत नाहीत. स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने २००० साली अधांतरी ताणलेल्या एकभिंती नळ्यांवर धातूंची वाफ बसवून पाहिली. टायटॅनियमचा थर सलग आला, निकेल आणि पॅलेडियमचा जवळपास सलग, तर सोनं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोह यांचे सुटे मणी झाले. खाली आधी टायटॅनियमचा पातळ थर दिला की वर सोनं आणि लोहही सलग बसलं. कारण साधं आहे. धातूच्या अणूला कार्बनशी बंध करण्यापेक्षा आपल्याच भाऊबंदांशी करणं जास्त फायद्याचं असेल, तर तो सरकत सरकत त्यांच्याकडे जातो. निकेल मधल्या गटातलं असल्यामुळे थोडी उष्णता मिळाली की त्याचेही मणी होतात.

आता रोध. मल्टिमीटरच्या दोन टोकांनी पेलेट मोजणं सोडा. त्या १२ आणि ७० ओहममध्ये टोकांचा स्पर्शरोध किती आणि नमुन्याचा किती, हे कोणी सांगू शकत नाही. चार टोकांची पद्धत (प्रवाहाची दोन टोकं वेगळी, व्होल्टेजची दोन वेगळी) वापरा, पेलेट एकाच दाबाखाली आणि शक्यतो दाब चालू असतानाच मोजा, आणि जाडी नोंदवा. तरीही पेलेटमध्ये खरी सत्ता एका नळीपासून दुसरीकडे जाणाऱ्या सांध्यांची असते, नळीची नाही, हे लक्षात असू द्या.

सलग थराने काय व्हायला हवं होतं? एक मायक्रोमीटर लांबीच्या नळीवर १० नॅनोमीटर निकेल बसलं, तर निकेलच्या नेहमीच्या ७ मायक्रोओहम-सेंटिमीटर रोधकतेने त्या कवचाचा रोध ६५ ओहमच्या आसपास येतो. एवढ्या पातळ थरात इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर आणि कणसीमांवर आपटतात, म्हणून दोन-अडीचशे ओहम धरा. जास्त फॉस्फरसच्या निकेलची रोधकता १०० मायक्रोओहम-सेंटिमीटरच्या घरात, म्हणजे ९०० ओहम. उघड्या नळीची बाहेरची एकच भिंत वाहत असेल तर तिचा रोध काही किलोओहम असतो. संपर्क निर्दोष असले तरी एका धातुरूप भिंतीची खालची मर्यादाच ६.४५ किलोओहम आहे. तात्पर्य, फॉस्फरसवालं निकेलसुद्धा सलग असतं तरी नळीपेक्षा चांगलं वाहिलं असतं. तुमचा रोध वाढला, म्हणजे थर सलग नसावा असं दुसऱ्या वाटेनेही दिसतं.

वाढण्याचं मोठं कारण मात्र बहुधा निकेलच्या आधीचं आहे. ३:१ मिश्रणात सहा तास ही नळीला सोसणारी शिक्षा नाही. बाहेरच्या भिंती फाटतात, नळ्या आखूड होतात, कार्बॉक्सिल गट बसतात आणि जिथे ते बसले तिथे पाय इलेक्ट्रॉनांचा रस्ता तुटतो. रामन वर्णपटात (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशाच्या मोजणीत) १३५० सेमी⁻¹ जवळचं डी (नळीतले दोष दाखवणारं) आणि १५८० जवळचं जी (शाबूत कार्बन दाखवणारं) शिखर यांचं गुणोत्तर आम्लाच्या आधी व नंतर काढा. (मुलाम्यानंतरचा रामन फारसा उपयोगी नसतो, धातू प्रकाश अडवतो.) पेलेटचा रोधही आम्लानंतर, निकेलच्या आधी, मोजा. तिथेच १२ चे ५० झालेले दिसले तर निकेलला उगाच दोष देऊ नका. त्यावर मण्यांनी नळ्या एकमेकींपासून दूर ठेवल्या, आणि मण्यांवर ऑक्साइडचं साल आलं, की पुढची वाढ समजून येते.

एक स्वस्त आणि बोलकी चाचणी आहे. खोलीच्या तापमानाचा रोध आणि द्रव नायट्रोजनमधला, ७७ केल्विनचा रोध, यांची तुलना. थंड केल्यावर रोध उतरला तर प्रवाह सलग धातूतून जातोय. चढला तर नळ्यांच्या सांध्यांतून उड्या मारत जातोय. जवळपास स्थिर राहिला तर सलग पण अस्फटिक निकेल-फॉस्फरसची शक्यता. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न आपल्याकडे नेहमी पडतो. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय केंद्रांत तो कंटेनरमध्ये ठेवलेला असतो. पुरवठादार कोण हे तिथे विचारलं की अर्धं काम होतं.

आता पुन्हा करायचं ठरवलंत तर काय बदलायचं. काय हवंय यावर थोडं अवलंबून आहे. विद्युतचुंबकीय लहरी अडवणारा लेप हवा असेल तर फॉस्फरस थोडा चालतो, वाहकता आणि सलगपणा जपा. चुंबकीय गुणांचा अभ्यास हवा असेल तर फॉस्फरस आधी खाली आणा. पुढची कृती या दुसऱ्या हेतूसाठी, म्हणजे चुंबकीय अभ्यासासाठी.

नळ्या आधी ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ढवळा, उघडा उत्प्रेरक जाईल. मग ३:१ मिश्रणाऐवजी ३० टक्के नायट्रिक आम्लात ८० अंशांवर दोन-तीन तास. पुढचा नियम असा की गाळताना नळ्या कोरड्या पडू द्यायच्या नाहीत. एकदा वाळून त्यांचे गठ्ठे झाले की सोनिकेशननेही (ध्वनिलहरींनी हलवूनही) पुरते सुटत नाहीत आणि मुलामा गठ्ठ्यावर बसतो. टिनच्या द्रावणात स्टॅनस क्लोराइड १० ग्रॅम प्रति लिटर आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ४० मिलिलिटर. क्लोराइड आधी आम्लात विरघळवा, मग पाणी घाला. उलट केलं की द्रावण दुधाळ होतं आणि ते फेकावंच लागतं. रोज ताजं करा. १५ मिनिटांनी गाळून तीनदा धुवा. मग पॅलेडियम क्लोराइड ०.२५ ग्रॅम प्रति लिटर, त्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, पुन्हा १५ मिनिटं आणि पुन्हा धुणं. या दोन धुण्यांत कसूर झाली की सुटं पॅलेडियम बाथमध्ये जातं. बाथ एकदम फेसाळतो, काळा होतो आणि निकेल नळीऐवजी द्रावणातच भुकटी होऊन पडतं. बाथ ‘फुटला’ म्हणतात तो हाच प्रकार. टिन-पॅलेडियमचा खर्च वाचवायला पॅलेडियम फार कमी केलं तर बीजं विरळ पडतात आणि मणी मोठे होतात, तेही नको.

बाथ अल्कधर्मी घ्या: निकेल सल्फेट २५ ग्रॅम प्रति लिटर, ट्रायसोडियम सायट्रेट ४५ ते ५०, अमोनियम क्लोराइड ३० ते ५०, हायपोफॉस्फाइट १५, अमोनियाने पीएच ८.५ ते ९, तापमान ६० अंशांच्या आसपास. ०.१ ग्रॅम नळ्यांना ६०० मिलिलिटर. १० नॅनोमीटरला १.०५ ग्रॅम निकेल लागेल, बाथमध्ये ३.३ ग्रॅम आहे, म्हणजे एक-तृतीयांशच वापरलं जातं आणि वेग शेवटपर्यंत टिकतो. हायपोफॉस्फाइट तीन हप्त्यांत घाला. एकदम घातलं की सुरुवात घाईत होते आणि फॉस्फरसही वाढतो. क्रिया चालू असताना पीएच उतरत जातो, दर पाच मिनिटांनी बघून अमोनियाचे थेंब टाका, आणि पीएच मीटर बाथच्या तापमानाला जुळवून घ्या. फॉस्फरस या बाथने बराच उतरतो, पण किती ते मोजल्याशिवाय लिहू नका. अजिबात नको असेल तर हायड्राझिनचा बाथ आहे, त्यातून जवळपास शुद्ध निकेल मिळतं. पण हायड्राझिन विषारी आणि कर्करोगाचा संशय असलेलं रसायन आहे. चांगलं फ्यूम हूड नसलेल्या प्रयोगशाळेत ते उघडू नये.

आपल्या भागातल्या काही गोष्टी. एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळेतच ४२-४३ अंश असतात. अमोनियाची बाटली आधी फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवून मगच उघडा, नाहीतर झाकण काढताच वाफ तोंडावर येते. कोरड्या हवेत नळ्यांची भुकटी स्थिर विजेने उडते, काट्यावरचा आकडा नाचतो आणि ती नाकातही जाते. इथेनॉलमध्ये भिजवून वजन करा, एका वेगळ्या भागाला वाळवून कोरडं प्रमाण काढा, आणि मास्क लावा. बोअरचं पाणी कुठल्याही टप्प्याला नको, क्षार पृष्ठभागावर बसतात. आणि लाइट गेली तर? ढवळणं थांबतं, नळ्या तळाशी बसतात, पण बाथ गरमच असतो आणि निकेल बसतच राहतं. ढीगच्या ढीग एकत्र जोडला जातो. म्हणून शेजारी बर्फाचं डीआय (क्षार काढलेलं) पाणी तयार ठेवा. लाइट गेली की बाथ त्यात ओतायचा, गाळायचं, तो नमुना बाद समजायचा.

वाळवणं व्हॅक्युम ओव्हनमध्ये ६० अंशांवर. साध्या गरम ओव्हनमध्ये हवेत वाळवलं तर ऑक्साइडचं साल तुम्ही स्वतः चढवताय. निकेलचं सांडपाणी बेसिनमध्ये ओतू नका. कॉस्टिक घालून निकेल हायड्रॉक्साइड पाडता येतं असं पुस्तकात असतं, पण सायट्रेट आणि अमोनिया निकेलला धरून ठेवतात, त्यामुळे पाणी हिरवट-निळसर राहिलं तर निकेल अजून त्यातच आहे. कॅनमध्ये साठवा आणि घातक कचऱ्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्या.

आधीचा नमुना फेकू नका. त्याचा एक भाग आरगॉनमध्ये ५ टक्के हायड्रोजन असलेल्या वायूत ३५० ते ४०० अंशांवर तासभर तापवा. अस्फटिक मुलाम्यातून निकेल आणि निकेल फॉस्फाइड वेगळे होतात, आणि चुंबकत्व वाढतं. किती वाढेल याचाही अंदाज करता येतो. मुलाम्यात १० टक्के फॉस्फरस असेल आणि तो सगळा तीन निकेलला एक फॉस्फरस या प्रमाणात फॉस्फाइडमध्ये गेला, तर मोकळं निकेल मुलाम्याच्या ३३ टक्केच उरतं, म्हणजे मुलाम्याच्या ग्रॅममागे १८ इमू. फॉस्फरस ४ टक्के असेल तर मोकळं निकेल ७३ टक्के, म्हणजे ४० इमू. तुमच्या भुकटीत मुलामा ३९ टक्क्यांच्या आसपास धरला तर तापवल्यावर ७ इमूजवळ आकडा यायला हवा, अधिक उत्प्रेरकाचा जो काय असेल तो. ४०० च्या वर जाऊ नका. मणी आणखी गोळा होतात, आणि हायड्रोजनच्या संगतीत निकेल कार्बनचं मिथेन करायला लागतं, म्हणजे आतली नळीच खातं.

मोजणीसाठी धुळ्याहून दोन वाटा. टीईएम (थर सलग आहे की मणी, हे थेट दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) मुंबईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण सुविधेकडे शुल्क भरून होतं. कमी तापमानाचा रोध आणि चुंबकनासाठी इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र आहे, ते विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे आणि आग्रा रोडने तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ पडतं. तिथे अर्ज करताना काय मोजायचंय आणि का, हे एका पानात मांडावं लागतं. त्या पानात एक्सआरडी आणि टीजीएचे आकडे असले तर तुमची बाजू भक्कम राहते, म्हणून नवी बॅच घालण्याआधी जुन्या नमुन्याची ही दोन मापं करून घ्या. एक्सआरडीत ते पसरट टेकाड दिसलं तर तापवलेला भाग व्हीएसएमला पाठवा, न तापवलेल्यावर पुन्हा पैसे घालू नका.